दंड सैल, कंबर तशीच: वजन उतरताना शरीर सगळीकडून सारखं का उतरत नाही

मापाचा ब्लाउज बरोबर नेला होता, तरी मास्तरांनी टेप काढलीच. गणपती तोंडावर आलेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या एवढ्याशा दुकानात कापडाच्या पिशव्या पंख्यापर्यंत चढलेल्या. मी मात्र खुशीत होते. सात महिन्यांत ७४ किलोंवरून ६६ वर आले होते आणि आता नवी मापं म्हणजे जणू प्रगतिपुस्तकच मिळणार होतं.

"छाती दीड इंच कमी. डावा दंड पाऊण, उजवा अर्धा," मास्तर वहीत लिहीत म्हणाले.

"आणि खालचा घेर?"

"तो आहे तिथेच आहे, ताई."

पोटाशी तसूभर फरक नाही, दंड मात्र उतरले, तेही दोन्हीकडे वेगवेगळे! मी विचारलं, "मास्तर, डावा हात उजव्यापेक्षा बारीक कसा काय झाला?" त्यांनी वहीची मागची पानं उलटून माझ्यासमोर धरली. "झाला नाही, होताच. पहिल्यापासनं तुमची उजवी बाही मी अर्धा इंच मोठी कापतोय. बायकांना सांगत नाही मी. सांगितलं की डोक्यात बसतं."

सत्तावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि माझ्या स्वतःच्या हातांची मापं मला शिंप्याच्या वहीतून कळली. त्याच संध्याकाळी मोठ्या जाऊबाई आल्या, तोंडाकडे बघून म्हणाल्या, "बरं नाहीये का गं? गालफडं बसलीत." म्हणजे जिथून जायला हवं होतं तिथून काही गेलं नाही आणि जिथून जायला नको होतं तिथून आधी गेलं. कामाठी बागेत सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या घोळक्यात विचारलं, तर प्रत्येकीची हीच रड. एकीची अंगठी भांडी घासताना सैल होऊन मोरीत गेली, पण सलवार मांड्यांना पूर्वीइतकीच घट्ट. दुसरीच्या गळ्याची हाडं वर आली आणि पोटावरची वळी जागच्या जागी. एक तर घाबरून डॉक्टरांकडे जाऊन आली होती, कारण तिला एका खांद्याचं हाड दुसऱ्यापेक्षा वर दिसायला लागलं होतं.

मी डॉक्टर नाही. पण वाचून, विचारून जे समजलं ते फळ्यावर मांडावं तसं मांडते.

सुरुवात चरबी जाते कुठे इथून करू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. चरबी वितळून घामावाटे जाते, असं आमच्या घोळक्यातल्या निम्म्या जणींना वाटतं. काही जणी म्हणून पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालतात. घामातून जातं ते पाणी, आणि ते दोन पेले पाणी प्यायलं की परत येतं. चरबी जळते, आणि जळलेल्या कुठल्याही गोष्टीसारखा तिचा धूर होतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये याचा साधा हिशेब मांडला होता: १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे माझी जी काही चरबी गेली, तिच्यातली बरीचशी मी विश्वामित्रीच्या काठावर उच्छ्वासात सोडून आले.

आता ही चरबी जळते कुठे? स्नायूंत. आणि साठवलेली असते मेदपेशींत, कातडीखाली आणि पोटाच्या आत. या दोन जागांच्या मध्ये रक्त आहे, आणि सगळी गोम याच वाक्यात आहे. आपण खातो त्यापेक्षा खर्च जास्त झाला की अंगभरच्या मेदपेशींना निरोप जातो, त्या आपल्यातली चरबी मोडून मेदाम्लं रक्तात सोडतात, आणि ज्या स्नायूला गरज आहे तो ती रक्तातून उचलतो. पाय चालले म्हणून पायाची चरबी जळली, असं होत नाही. पायाने उचललेलं मेदाम्ल खांद्यातलं असेल, गालातलं असेल. विहीर गावची एक, पाणी कुणी कुठे नेलं याचा विहिरीच्या कुठल्याच कोपऱ्याला पत्ता नाही.

म्हणून पोट कमी करायचे म्हणून सांगितलेले पोटाचे व्यायाम पोट कमी करत नाहीत. हे वाक्य वाचून माझ्यावर चिडणाऱ्या मैत्रिणी आहेत, पण त्यावर प्रत्यक्ष मोजमापं झालेली आहेत. १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळायचा हात वर्षानुवर्षं राबलेला, त्यामुळे घेराने जाड. पण कातडीखालची चरबी चिमट्यात धरून मोजली तर दोन्ही हातांत सारखीच. हात राबला, स्नायू वाढला, त्याच्यावरचं पांघरूण मात्र तेवढंच. १९८४ मधला प्रयोग आणखी गमतीचा. त्यात पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ वेळा उताणं झोपून उठायचा व्यायाम केला. मग त्यांच्या पोटाच्या, पाठीच्या आणि कुल्ल्यांच्या चरबीचे बारीक नमुने काढून मेदपेशींचा आकार तपासला. पेशी थोड्या बारीक झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. पाच हजार उठाबश्या पोटाने काढल्या आणि त्याचा लाभ कुल्ल्यांनी तेवढाच घेतला! राबणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीतून किंचित जास्त मेदाम्लं सुटतात असंही दिसलं आहे, पण ती इतकी थोडी की शिंप्याच्या टेपला कळणार नाहीत. पोटाचे व्यायाम करू नका असं माझं म्हणणं नाही. पाठ दुखत असेल तर जरूर करा. फक्त त्यांच्याकडून घेर उतरवून मागू नका.

मग प्रश्न उरतो तो असा: विहीर एकच असेल तर ती सगळीकडून सारखी का उतरत नाही?

कारण निरोप सगळ्यांना सारखा पोचला तरी सगळे तो सारखा ऐकत नाहीत. चालताना, उपाशी असताना शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी रसायनं वाढतात, ती मेदपेशींना "सोडा" म्हणतात. प्रत्येक मेदपेशीवर या रसायनासाठी दोन प्रकारची बटणं असतात. एक दाबलं गेलं की चरबी सुटते, दुसरं दाबलं गेलं की थांबते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती असलेल्या मेदपेशींवर "सोड"चा जोर जास्त. बायकांच्या मांड्या आणि कुल्ल्यांवर "थांब"ची बटणं जास्त. रसायन तेच, हुकूम तोच, पण मांडी म्हणते, बघू नंतर.

शाळेत असते तर मी हे बँकेवरून शिकवलं असतं. बडोद्याच्या पोरांना बँकेचं उदाहरण पटकन कळतं, १९०८ पासून गावाच्या नावाची बँक आहे. पोटाच्या आतली चरबी म्हणजे बचत खातं: चटकन भरतं, चटकन रिकामं होतं. मांड्यांवरची म्हणजे मुदत ठेव. ती निसर्गाने कुठल्या कामासाठी ठेवली आहे याचा एक दाखला असा की अंगावर पाजणाऱ्या बाईच्या मांड्यांतली हीच हट्टी चरबी एरवीपेक्षा सहज सुटायला लागते. मूल दूध पितंय म्हटल्यावर ठेव मोडायची परवानगी मिळते. आपण लग्नाला चार किलोंनी बारीक दिसावं, एवढ्यासाठी मिळत नाही.

बाई आणि पुरुष यांची चरबी वेगळ्या जागी बसते आणि त्याचा आजारांशी संबंध आहे, हे फ्रान्समधल्या मार्सेचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. पोटाभोवती साठणारी ती पुरुषी, मांड्या-कुल्ल्यांवर साठणारी ती बायकी. मधुमेह आणि हृदयविकाराची भीती पहिलीची जास्त. म्हणजे जी चरबी आपल्याला सगळ्यात जास्त छळते ती मांडीवरची, जिवाला सगळ्यात कमी छळते. यात समाधान मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी चुडीदार घालताना मानता आलेलं नाही.

आमच्या ह्यांनी माझ्याबरोबर काहीएक न करता फक्त संध्याकाळचं फरसाण आणि रविवारचे फाफडा-जिलेबी बंद केले. दोन महिन्यांत पट्टा दोन भोकं आत. मी रोज पाच किलोमीटर चालते आणि माझा खालचा घेर ढिम्म. अन्याय वाटतो, पण त्याला कारण आहे. त्यांचं सगळं बचत खात्यात होतं. माझी पाळी चार वर्षांपूर्वी गेली. इस्ट्रोजेन असतं तोवर चरबी मांड्यांकडे वळवली जाते, ते ओसरलं की ती पोटाकडे वळते. म्हणजे जुन्या मुदत ठेवी मांडीवर तशाच आणि नवा भरणा पोटावर, असा माझा पन्नाशीनंतरचा हिशेब.

त्यात पोटाची चरबीही दोन मजली असते. एक चिमटीत येणारी, कातडीखालची. दुसरी चिमटीत न येणारी, आत आतड्यांभोवतीची. वजन उतरायला लागलं की साधारणपणे आतली आधी आणि जास्त प्रमाणात जाते. बाहेरची वळी तशीच दिसते, म्हणून आपण वैतागतो, आणि आत खरं काम झालेलं असतं. माझी सकाळची साखर तीन महिन्यांत खाली आली तेव्हा आरशात काहीही दिसत नव्हतं.

आतल्या चरबीची गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं जे गणित करतात त्यात दोघंही एकसारखे सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबीवाले असू शकतो हे सांगायला तो एक फोटो पुरे. म्हणूनच आपल्याकडे कंबरेची मर्यादा कडक धरतात: बाईची ८० सेंटिमीटर, पुरुषाची ९०.

चेहऱ्याचं काय, ते राहिलं. गालाची मेदपेशी काही वेगळा नवस बोललेली नसते. तिथे मुळात माल थोडा. वाटीतून चमचाभर काढलं तर लगेच दिसतं, बादलीतून वाटीभर काढलं तरी दिसत नाही. चेहरा, गळा, मनगटं, बोटं या वाट्या, कंबर आणि मांड्या या बादल्या. शिवाय जाऊबाईंना माझी कंबर दिसत नाही, तोंड दिसतं. पन्नाशीनंतर कातडीचा ताण कमी झालेला असतो, त्यामुळे आतलं भरण गेलं की वरची खोळ लोंबते. ती काही महिन्यांत थोडी आवळते. खूप वजन गेलं असेल, वय जास्त असेल, तर पूर्ण आवळत नाही. कुठलंही तेल चोळून ती आवळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता डाव्या-उजव्याकडे येते. मला सगळ्यात आश्चर्य याच भागाचं वाटलं.

कुणाचंच शरीर आरशातल्यासारखं दोन्हीकडे सारखं नसतं. उजव्या हाताने आयुष्यभर कणीक मळली, खडूने फळा लिहिला, पाण्याच्या बादल्या उचलल्या, तर उजव्या दंडाचा आणि खांद्याचा स्नायू मोठा असणारच. पर्स कायम एका खांद्याला, मूल कायम एका कडेवर, उभं राहताना भार कायम एका पायावर. पाठीचा कणा पुष्कळांचा किंचित बाकदार असतो, पाय एखाद्या सेंटिमीटरने लहानमोठे असतात. स्तनही दोन सारखे नसतात, ते तर दुकानात मापं घेणाऱ्या कुणालाही विचारा. हे सगळं आधीपासून असतं. त्यावर चरबीची गादी पसरलेली असते तोवर ते झाकलेलं राहतं. गादी पातळ झाली की खालच्या फळ्या कुठे वरखाली आहेत ते कळतं. बागेतल्या त्या मैत्रिणीचा खांदा वर आला नव्हता, तो तिच्या लग्नाच्या फोटोतही वरच आहे. आम्ही अल्बम काढून पाहिला.

मग माझा डावा दंड पाऊण इंच आणि उजवा अर्धाच का उतरला? यातला थोडा दोष माझाच. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता फिजिओथेरपिस्ट आहे. तिने मला हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठबस करायला लावली, मग दोन्ही हातांनी आळीपाळीने वजन उचलायला लावलं. सातव्या वेळी डावा हात थरथरला. "बाई, चरबीबरोबर तुम्ही दंडही खर्च केलात," ती म्हणाली. "रात्री काय जेवता?"

रात्री मी जेवतच नव्हते. दुधी भोपळ्याचं सूप आणि पपई. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एक पोळी, भाजी आणि पातळ वरण. वजनकाटा खूश होता, मीही खूश होते.

नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर जे जातं त्यातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायू असतो. शरीराला रोज प्रथिनं लागतात. बाहेरून आली नाहीत आणि स्नायूला कामही दिलं नाही, तर ते स्नायूतून काढतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने निरोगी माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. माझ्या ६६ किलोंना हिशेबाने ५५ ग्रॅम. वजन उतरवत असताना तर त्याहून जास्त हवीत असं आहारतज्ज्ञ सांगतात. एका वाटी वरणात जेमतेम ५-६ ग्रॅम असतात. माझा दिवस तीस ग्रॅमच्या आसपास कुठेतरी संपत होता. ज्या हाताला घरकामाचा व्यायाम होता त्याने आपला स्नायू धरून ठेवला, डाव्याला तेवढं काम नव्हतं, त्याने सोडला. मास्तरांच्या वहीतला पाव इंचाचा फरक बहुधा हाच.

तेव्हापासून रात्री मुगाचा पुडला नाहीतर पनीर, सकाळी दोन अंडी. अंडी घरात शिजवायची नाहीत असा सासूबाईंचा नियम आहे, त्यामुळे ती गच्चीवर वेगळ्या शेगडीवर उकडते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि आठवड्यातून तीन दिवस वजनं. डाव्या हातापासून सुरुवात करायची, त्याला जितक्या वेळा जमेल तितक्याच वेळा उजव्याने करायचं, एकही जास्त नाही. हे तिने सांगितलं तेव्हा मला माझा मामा आठवला. तो दांडिया बाजारातल्याच जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचा आणि घरी मुद्गल फिरवताना दोन्ही हातांचे आकडे मोठ्याने मोजायचा. आम्हाला वाटायचं, मामाला बडेजाव करायची सवय आहे.

काट्याबद्दल एकच सांगते. पहिल्या आठवड्यात माझं दोन किलो उतरलं आणि मी शेजारी पेढे वाटायचीच राहिले होते. यकृतात आणि स्नायूंत शरीर थोडी साखर साठवून ठेवतं, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. खाणं कमी झालं की आधी ही साखर संपते आणि पाणी निघून जातं. एका लग्नाचं जेवण जेवलं की दोन दिवसांत परत येतं. टेपला यातलं काहीच कळत नाही, आणि ते बरंच आहे.

चरबी पातळ झाल्यावर काही गोष्टी हाताला लागतात, त्यांनी उगाच झोप उडते. छातीच्या मधल्या हाडाच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे फासळ्यांची कमान मिळते, तिथे एक टणक टोक असतं. ते प्रत्येकालाच असतं, पण जाड असताना हाताला लागत नाही. आमच्यातल्या एकीने ते आंघोळ करताना चाचपलं आणि गाठ आहे म्हणून सोनोग्राफीपर्यंत गेली. बसताना माकडहाड दुखायला लागणं हेही तसंच, खालची गादी गेलेली असते. तीनेक महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, ते वजन भरभर उतरवल्यामुळे, आणि बहुतेकदा पुन्हा येतात.

एक गोष्ट मात्र मला अजिबात माहीत नव्हती. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाच्या बोंडावरून एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते, पाऊल वर उचलणारी. एरवी तिच्यावर चरबीची उशी असते. पटकन बारीक झालेला माणूस तासन्‌तास पायावर पाय टाकून किंवा उकिडवा बसला की ती नस दबते आणि पाऊल उचललं जात नाही. चालताना चप्पल पुढून घासते, जिन्यावर पाय अडखळतो. असं झालं तर पाय झोपला असेल म्हणून आठवडा काढू नये, लगेच दाखवावं. बहुतेक लोक बरे होतात, पण दाब काढावा लागतो.

आणि ज्या असमानतेला "शरीर आपल्या क्रमाने उतरतंय" म्हणून सोडायचं नाही, तीही सांगून टाकते. एकच पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते: त्याच दिवशी डॉक्टर, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. एकाच हाताचा किंवा पायाचा स्नायू झिजतोय आणि सोबत जोर कमी झालाय, मुंग्या येतात: हे चरबीचं काम नाही, नसांचं आहे. स्तनांत नेहमीचा फरक ठीक, पण नवीन गाठ, कातडीला खळी, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून स्राव, यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. पोटाला किंवा जांघेत खोकताना फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना रोज एकाच जागी सुई टोचून तिथे गाठोडं किंवा खड्डा पडतो, त्यांनी जागा बदलत राहावं. आणि ज्यांनी काहीच केलं नाही, खातात-पितात नेहमीसारखं आणि तरी सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा भाग कमी झाला, त्यांनी कौतुक ऐकत बसू नये, तपासून घ्यावं.

लिपेडीमा नावाच्या, पायांत चरबी साठवणाऱ्या आजाराबद्दलही दोन वाक्यं लिहिते, कारण तो असलेल्या बायकांना आयुष्यभर "हात आवर" एवढंच ऐकावं लागतं. कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय सारखेच जाड, घोट्यापाशी तोडा घातल्यासारखी रेघ आणि त्याखालचं पाऊल अगदी बारीक. दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं. वरचं अंग उपासाने खंगतं आणि पाय जसेच्या तसे राहतात. तो आजार आहे, आळस नाही, आणि त्याची तपासणी वेगळी असते.

मोजायचं तर नीट मोजा. टेप तिरकी गेली तरी अर्धा इंच इकडचा तिकडे होतो. मी महिन्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आधी मोजते. कंबर म्हणजे साडी नेसतो ती जागा नव्हे. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. दंड खांद्याच्या आणि कोपराच्या मध्यावर, दोन्ही, वेगवेगळे. दर आठवड्याला मोजाल तर फक्त टेपच्या चुका मोजाल.

नोव्हेंबरात माझी कंबर पहिल्यांदा हलली, सव्वा इंच. वजन त्या दोन महिन्यांत अर्धा किलोच उतरलं होतं, पण डावा हात बारा वेळा उचलत होता. मी पिशवी घेऊन मास्तरांकडे गेले, म्हटलं, गणपतीत शिवलेले चारही ब्लाउज आत घ्यायचे आहेत. त्यांनी टेप लावली, वहीत आकडा लिहिला आणि ब्लाउज माझ्याकडे परत सरकवले.

"तुळशीचं लग्न झालं, आता लग्नसराई आहे ताई. फेब्रुवारीपर्यंत आणखी काही कमी करू नका. मग एकदमच उसवतो."